एका पानाचं पत्र

"आपलेच हायेत, थांबतीन," असं म्हणत हवालदारसाहेब आमच्या गावच्या माणसाचा कागद उचलून गठ्ठ्याच्या तळाशी सारायचे आणि परगावच्या माणसाला हाताने खूण करून पुढे बोलवायचे.

तहसिलीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल असायचं. टेबलावर जुना टाइपरायटर, शेजारी अर्जांचा गठ्ठा आणि खुर्चीखाली फौजेतली हिरवी पत्र्याची पेटी. फौजेत ते क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन अर्ज लिहायला बसले. सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणत. आम्ही दोघं एकाच गावचे. सानगडीच्या पुढे, तलावाच्या पाळीवरून जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव लागतं. त्यामुळे माझं काम कायम सगळ्यांच्या शेवटी व्हायचं.

गावची माणसं सकाळच्या पहिल्या बसने यायची आणि तीन वाजेपर्यंत माझ्या ओट्यावर बसून त्यांच्या नावाने बोटं मोडायची. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. परक्यासमोर वाकणारा आणि घरच्यांना गृहीत धरणारा. माझ्या बहिणीच्या लग्नात बुंदीची बादली त्यांच्या हातात होती. पाहुण्यांच्या तीन पंगती त्यांनी हात न आखडता वाढल्या. शेवटच्या पंगतीत आम्ही घरचे बसलो तर बादलीचा तळ दिसत होता. त्यांनी उरलेली बुंदी वराकडच्या दोन ड्रायव्हरांना वाढली, माझ्या पानासमोरून आणि त्यांच्या स्वतःच्या बायकोच्याही पानासमोरून बादली तशीच पुढे नेली, आणि वर हसून म्हणाले, "आपलेच हायेत." आमच्याकडे सगळे असंच करतात. मीही करतो. म्हणून तेव्हा कोणाला त्यात काही वाटलं नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे एक पान. अर्ज कशाचाही असो, तो एका पानात बसला पाहिजे. तलावाच्या पाण्यावरून तीन पिढ्यांचं भांडण असो की जळलेली तनसीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची गंजी असो, ते तासभर ऐकून घेत, कागदाच्या दोन्ही कडा टेबलावर ठोकत आणि अर्ध्या तासात सगळं एका पानात आणून ठेवत. पवनीकडचा एक म्हातारा कागद उलटसुलट करून म्हणाला होता, माझं एवढं मोठं दुःख, एवढुसं कसं झालं जी? त्यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. दुसरं पान साहेब लोक पलटवत नाहीत. आणि कागद देताना शेवटी म्हणत, "सही झाली का मंग ते खरं."

ही एका पानाची शिस्त त्यांना एका जनरलने लावली होती. सीमेवरच्या एका लढाईच्या वेळी ते त्या जनरलच्या ऑफिसात होते. लढाई संपल्यावर जनरलने वरच्या ऑफिसला एक पत्र पाठवलं आणि त्याच्या प्रती ठिकठिकाणी गेल्या. ते पत्र आमच्या हवालदारसाहेबांनी टाइप केलं होतं. पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, टाइप करणाऱ्याची म्हणून त्यांच्या नावाची दोन अक्षरं होती.

आमच्या गावाला दुसरा कुठला मान नव्हता. मग हाच धरला. शाळेने त्या पत्राचं मराठी करून संगमरवरात कोरून घेतलं. दर सव्वीस जानेवारीला हवालदारसाहेब इस्त्रीचा कोट घालून त्या दगडासमोर उभे राहायचे, पत्र वाचायचे, आणि सरपंच त्यांना शाल-नारळ द्यायचे. मला ते सगळं पाठ आहे. लढाईचा भाग असा होता:

"पहिला हल्ला त्यांनी परतवला. दुसऱ्या हल्ल्यात आमची माणसं अर्ध्या कड्यापर्यंत पोचली आणि दिवसभर दगडांना चिकटून पडून राहिली. वर पाणी नव्हतं. एक जवान पाठीवर डबे बांधून गोळीबारातून तीनदा वर गेला. चौथ्या खेपेला तो पडला. वरच्यांनी त्याचे डबे ओढून घेतले. तिसऱ्या हल्ल्यात माथा आमच्या हाती आला. तो आम्हाला स्वस्त पडला नाही. पडलेल्यांची नावं खाली देत आहे."

खाली नऊ नावं होती.

आता सयाबाईचं सांगतो. आमच्याच गावची, हवालदारसाहेबांच्या घरापासून चार घरं सोडून राहणारी. तिचा एकुलता एक मुलगा देवीदास, सगळ्यांचा देवा, त्या लढाईवर गेलेल्या पलटणीत होता आणि लढाईच्याच आठवड्यात गेला. बंद शवपेटी घेऊन आलेले जवान परमुलखातले होते. "बहुत बहादुर था," एवढं म्हणून संध्याकाळच्या आत परत गेले. सरकारी कागदावर लिहिलं होतं, कर्तव्यावर असताना मृत्यू. पुढे पत्र आलं, त्यात नऊ नावं आली, देवाचं नाव नव्हतं. मग गावाने स्वतःच ठरवून टाकलं. कोणी म्हणालं थंडीने मेला, कोणी म्हणालं भिऊन पळत होता, दरीत पडला. दरीचीच गोष्ट जास्त चालली, कारण ती सांगायला मजा येत होती.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, भर दुपारी दंडारीच्या खेळातल्या सोंगाड्याने फौजीचं सोंग आणलं. बंदूक टाकून, पॅन्ट सावरत तो गर्दीतून पळाला आणि ओरडला, "माय वं, मी देवा." सयाबाई तिथेच पुढे बसली होती. लोक पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. ती उठली नाही. सोंग संपेपर्यंत बसली आणि मग पदर झटकून घरी गेली.

तिला काही फार नको होतं. देवा त्या लढाईत होता, एवढं सरकारने लिहून द्यावं आणि त्याचं नाव त्या दगडावर यावं. त्यासाठी ती दर तीन-चार महिन्यांनी हवालदारसाहेबांच्या टेबलासमोर येऊन बसायची. तिला मात्र ते कधी थांबवत नसत. गावची असून तिचं काम सगळ्यांआधी व्हायचं. "या वयनी," म्हणायचे आणि हातातला परक्याचा कागद बाजूला ठेवायचे. मला वाटायचं, चला, एका माणसापुरती तरी खोड सुटली. तिचे अर्ज ते असे लिहीत की झेरॉक्स काढताना माझे डोळे भरून यायचे. अर्ज जायचे, महिन्यांनी उत्तर यायचं, आणि प्रत्येक उत्तर एकच असायचं. सोबतच्या पत्रात सदर नाव आढळत नाही. सोबतचं पत्र म्हणजे तेच, एका पानाचं, डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरं असलेलं. ते उत्तर हवालदारसाहेबच तिला वाचून दाखवायचे आणि पुढचा अर्ज टाइपरायटरवर चढवायचे.

सव्वीस जानेवारीला ती शाळेत यायची आणि निंबाच्या झाडाखाली जमिनीवर बसायची. खुर्च्या मानाच्या लोकांसाठी असायच्या. पाणी नेणाऱ्या जवानाचा भाग आला की मुलं टाळ्या वाजवायची. तीही वाजवायची. एकदा बस लागेपर्यंत माझ्या ओट्यावर बसली असताना तिने त्यांना विचारलं होतं, ते पाणी नेणारं पोरगं कोणाचं होतं? ते मान वर न करता म्हणाले, "पत्रात नाव नाई वयनी."

अशी किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं आणि दवाखान्यातून आल्यावर ते अंगाने अर्धे झाले. एक दिवस दुपारी तहसील जेवायला गेली होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. फाटत चाललाय, एक झेरॉक्स काढ म्हणाले. कागद पिवळा पडला होता, वर निळ्या शाईतलं मोठ्या अक्षरांचं इंग्रजी होतं. मी तो काचेवर ठेवला आणि सवयीने वाचत गेलो. तेच पत्र होतं, जनरलने हाताने लिहिलेलं. तळाची नावं मला पाठ होती, म्हणून मी ती मनातल्या मनात म्हणत गेलो, आणि माझी नऊ संपल्यावर कागदावर आणखी एक उरलं. देवीदास. नावापुढे कंसात लिहिलं होतं, पाणी नेणारा.

मी बाहेर येऊन त्यांच्यासमोर कागद ठेवला. बराच वेळ ते टाइपरायटरची अक्षरं फडक्याने पुसत राहिले.

"साहेब जीपपाशी उभे होते," ते म्हणाले. "हेलिकाप्टरची येळ झाली होती. पत्र एका पानातच पायजे, हे त्यायचं ठरलेलं. मी दोन डाव टाइप केलं. दोन्ही डाव शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली. तिसऱ्या डावाले म्हनलं, एक नाव काढा लागते. मंग कोनाचं काढाव? नऊ जन परमुलखातले. त्यायच्या घरचे मले काय म्हनतीन? देवा आपलाच होता. सुटीवरून येताना माह्यासाठी लाखोळीचे वडे घेऊन येनारा पोट्टा. म्हनलं, आपलाच हाये, राहू दे. मांगून साहेबाले सांगून टाकू."

"मंग?"

"मंग सही झाली."

जनरलने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली होती आणि तो निघून गेला होता. यांनी उद्या सांगू, परवा सांगू करत महिना घालवला. नोकरीची भीती होती. नंतर तो जनरल वारला. नंतर गावाने दगड बसवला.

माझं डोकं फिरलं. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. त्या बाईला समोर बसवून वर्षानुवर्षं अर्ज लिहिता, आणि पुरावा खुर्चीखाली घेऊन बसता? तुमच्या अंगावर शाली पडतात आणि तिच्या पोराचं मंडईत सोंग निघतं? शेवटी म्हणालो, तुम्ही भेकड आहात. ते चिडले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले.

"तू बोलला असता का गावासमोर?"

"बोललो असतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्यांच्या मागेच लागलो. रोज दुकान उघडताना विचारायचो, सांगितलं का? आज मला वाटतं, त्यात सयाबाईची कणव थोडी होती आणि दुसऱ्याला शरमिंदं करायचं सुख जास्त होतं. पण शेवटी त्यांनी सांगितलं. बाजाराचा दिवस होता. ती नेहमीसारखी येऊन बसली, त्यांनी टाइपरायटरमधला कागद काढून ठेवला आणि सगळं सांगितलं, जीपपासून शेवटपर्यंत. मी दुकानात मशीन बंद करून उभा होतो.

तिने ना आरडाओरडा केला ना डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "वाचा. फक्त दाहावं वाचा." त्यांनी वाचलं. "आनखीन एक डाव." त्यांनी वाचलं. असं पाच-सहा वेळा झालं. मग ती म्हणाली, "म्हंजे पानी नेनारा माहा देवा होता. अन् मी दर साली आयकून राहिली होती, तुमच्याच तोंडून." ते हात जोडून बसले होते. तिने त्या हातांकडे पाहिलंही नाही.

आम्ही हस्तलिखिताची झेरॉक्स जोडून अर्ज पाठवला. त्यात त्यांनी स्वतःची चूक स्पष्ट लिहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा अर्ज दोन पानांचा झाला. मला खात्री होती की या वेळी काम होणार. सात महिन्यांनी उत्तर आलं. सादर केलेल्या मसुद्यावर स्वाक्षरी नसल्याने तो ग्राह्य धरता येत नाही. स्वाक्षरी असलेली प्रत सोबत जोडली आहे. पुन्हा तेच पान. ते उत्तर त्यांनी तिला वाचून दाखवलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. सही झाली की खरं, हे इतकी वर्षं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. शाळेनेही मग हात वर केले. सरकार मानत नाही तर आम्ही दगडावर कसं कोरणार, असं मुख्याध्यापक म्हणाले, आणि दगड मागवताना आपण पुढे होतो हे विसरले.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला ते कोट घालून नेहमीप्रमाणे पत्र वाचायला उभे राहिले. नववं नाव संपलं, टाळ्या सुरू व्हायच्या बेतात होत्या, आणि निंबाखालून सयाबाई उठली.

"दाहावं सांगा, भाऊजी."

त्यांनी सांगितलं. पाणी नेणारा तोच, हेही सांगितलं. नाव कोणी काढलं आणि का काढलं, तेही सगळ्या गावासमोर सांगितलं. एखाद्याला वाटेल की गाव हेलावलं असेल. गावाला राग आला, पण तो देवासाठी नव्हता. आपल्याजवळचा एकच मान या माणसाने घालवला, याचा राग होता. त्या दिवशी शाल दिली नाही. पुढच्या आठवड्यापासून पोरं त्यांना "नावखाऊ" म्हणायला लागली. मोठ्यांनीही तेच उचललं. तहसिलीत येणारे आमच्या गावचे लोक आता त्यांच्या टेबलासमोर थांबेनासे झाले. पलीकडे कॉम्प्युटरवाला बसला होता, त्याच्याकडे जायला लागले. ते रिकाम्या टेबलाशी बसून कागदांच्या कडा ठोकत राहायचे.

शाळेने पत्र वाचायला दर वर्षी सातवीतल्या एका मुलीला उभं करायचं ठरवलं आणि यांना बोलावणं बंद केलं. पण सयाबाईने त्यांना सोडलं नाही. सव्वीस जानेवारीला सकाळी ती त्यांच्या दारात उभी राहायची आणि "चला" म्हणायची. त्या एका शब्दाशिवाय ती त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ती पुढे आणि ते काठी टेकत मागे, असे दोघं गावातून शाळेपर्यंत जायचे. चुन्याच्या रेघेबाहेर तिच्या शेजारी ते उभे राहायचे. मुलीची नऊ नावं झाली की ते तिथूनच दहावं म्हणायचे आणि मग, "हे नाव मी काढलं होतं." मागून पोरं हसायची. कोणीतरी खडाही मारायचं. अशी तीन वर्षं झाली. मला त्यांची दया यायची आणि सयाबाईची भीती वाटायची. पण तिचं चुकत होतं असं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

यंदा धान कापणीच्या दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी आम्ही चार माणसं होतो. ओठ सुकले होते, बायको चमच्याने पाणी घालत होती. सयाबाई आली आणि उंबऱ्यापाशीच थांबली. कोणीतरी म्हणालं, बाई, दोन थेंब तूही घाल, माफ करून टाक. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "आता दाहावं कोन सांगन?"

त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हा ती आत आली, चमचा हातात घेतला आणि त्यांच्या तोंडात पाणी घातलं.

त्यांचं टेबल अजून माझ्या शेडखाली आहे. पत्र्याची पेटी त्यांच्या बायकोने मला आणून दिली. हस्तलिखित मी प्लास्टिकसकट छातीच्या खिशात ठेवलं आणि सव्वीस जानेवारीला सकाळी शाळेत गेलो. फाटकापाशी मुख्याध्यापक भेटले. शाळेच्या सगळ्या झेरॉक्स माझ्याकडे होतात, त्यांचा माझा चांगला घरोबा आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, यंदा पाहुणे येणार आहेत, तो जुना विषय नको. आणि मी म्हणालो, "हो, सर."

मला खुर्ची दिली होती. सातवीतल्या मुलीने खणखणीत आवाजात पत्र वाचलं. पाणी नेणाऱ्याच्या वेळी टाळ्या झाल्या. मग नावं सुरू झाली. नववं नाव झाल्यावर मुलगी थांबली, कारण इथे थांबायचं असतं, हे ती दर वर्षी बघत आली होती. निंबाखाली सयाबाई उठून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. माझा हात खिशावर होता, तिथे कागदाची कड बोटाला लागत होती. एक नाव उच्चारायला असा कितीसा वेळ लागतो. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुलांना खूण केली. राष्ट्रगीत सुरू झालं, आणि मी सगळ्यांबरोबर उठून सावधान उभा राहिलो.